कोट राहू द्या, वेळापत्रक बदला!

मार्च लागला की ग्रूमरकडे हमखास एक मागणी येते : "झीरो कट मारून टाका, फार उकडतंय त्याला." मागणीमागची माया शंभर टक्के खरी असते, उपाय मात्र चुकतो. हस्की, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, चाऊ चाऊ अशा केसाळ मंडळींचा उन्हाळा सुखाचा करायचा तर बदलायचं असतं ते आपलं वेळापत्रक. कसं, ते सांगणाऱ्या या दहा गोष्टी.

१. एका अंगावर दोन कोट
वर राठ, लांब केस आणि खाली मऊ, दाट लव. ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) मधला टफी आठवतो? तो इंडियन स्पिट्झ. त्याच्याही अंगावर हेच दोन थर. वरचे केस ऊन कातडीपर्यंत पोचू देत नाहीत. ते मुळापासून भादरले की कातडी उघडी पडते आणि करपू शकते. वर पुन्हा वाढताना लव पुढे धावते, लांब केस मागे राहतात. काही कुत्र्यांच्या अंगावर कित्येक महिने टक्कल पडल्यासारखे चट्टे दिसतात. जखम, कातडीचा आजार किंवा अजिबात न सुटणारा गुंता असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं, तरच मशीन फिरवा.

२. खरी कामगिरी कंगव्याची
उन्हाळ्याच्या तोंडावर जुनी लव पुंजक्यापुंजक्यांनी गळते. ती अंगावरच अडकली तर हवा आत शिरत नाही. कानामागे, काखेत, मांडीच्या मागे बोटं घालून पाहा. गुंता आधी तिथेच होतो. केस बाजूला सारून भांग पाडा. तळाशी कातडी स्वच्छ दिसली म्हणजे काम फत्ते. नुसतीच लव दिसली तर अजून विंचरायचं बाकी आहे. याच बैठकीत गोचीडही शोधून काढा, उन्हाळा तिच्याही आवडीचा!

३. घाम फक्त तळपायांना
आपलं सगळं अंग घामाने थंड होतं. कुत्र्याच्या या कामाच्या घामग्रंथी फक्त पंजांच्या गाद्यांत असतात आणि तेवढ्याशा घामाने अंग निवत नाही. म्हणून सगळी भिस्त धापांवर. एरवी मिनिटाला १५ ते ३० श्वास घेणारा कुत्रा धापा टाकताना ३०० च्याही पुढे जातो.

४. नाकाने आत, तोंडाने बाहेर
धापा टाकणारा कुत्रा हवा मुख्यतः नाकातून आत घेतो आणि तोंडातून बाहेर सोडतो. शास्त्रज्ञ नट श्मिट-निल्सन आणि सहकाऱ्यांनी हे १९७० मध्ये दाखवून दिलं. नाकातल्या ओल्या पडद्यांवरून हवा जाते, पाणी उडतं, रक्त थंड होतं. म्हणजे कुत्र्याच्या चेहऱ्यातच एक डेझर्ट कूलर बसवलेला आहे! पग, शिह त्झू यांचं नाकच आखूड, म्हणून त्यांना उन्हाळा जास्त जड जातो.

५. मुंबईच्या ३३ अंशांना कमी लेखू नका
कूलर नागपुरात झकास चालतो आणि मुंबईत नुसता दमटपणा वाढवतो. कुत्र्याच्या धापांचंही तेच. हवेत आधीच बाष्प असलं की जिभेवरचं पाणी उडत नाही. त्यामुळे विदर्भातला कुत्रा पारा बघून सांभाळा, कोकणातला दमटपणा बघून.

६. उन्हापेक्षा बॉल घातक
उष्णतेने आजारी पडलेल्या कुत्र्यांचा ब्रिटनमध्ये अभ्यास झाला. २०२० मध्ये आलेला निष्कर्ष असा : सुमारे तीन चतुर्थांश कुत्र्यांना त्रास झाला तो पळण्या-खेळण्यामुळे. बॉल समोर दिसला की कुत्रा आपणहून थांबत नाही, थांबवायचं आपणच. फेरी पहाटे किंवा रात्री, खेळ थोडा आणि मधे पाण्याची सुट्टी. उन्हाळ्याच्या सुरुवातीला जास्त जपा, कारण अंगाला उष्णतेची सवय व्हायला वेळ लागतो.

७. हाताची पाठ रस्त्याला
सूर्य मावळला तरी डांबर तापलेलंच असतं. हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवा आणि सात आकडे मोजा. चटका बसून हात उचलावा लागला तर त्याचे पंजेही तिथे पडता कामा नयेत. माती किंवा हिरवळ शोधा.

८. गार फरशी, ओलं पोट
भर दुपारी कुत्रा शहाबादी फरशीवर पोट टेकून, मागचे पाय फाकवून पसरतो. पोटावर केस विरळ असतात, तिथून उष्णता झटकन फरशीत जाते. त्याची ती जागा रिकामी ठेवा. पोट, काख आणि पंजे ओले करून वर पंखा लावा. एक खबरदारी : दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी कढत असतं, आधी हात लावून पाहा.

९. कलिंगड चालेल, द्राक्ष नाही
बिया आणि साल काढलेल्या कलिंगडाच्या चार फोडी म्हणजे मेजवानी. द्राक्षं आणि मनुका मात्र कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात. नाशिकची पेटी घरात आली की ती उंचावर ठेवा. आंब्याची कोयही घशात किंवा आतड्यात अडकते. पाण्याचा हिशेब सोपा : वजनाच्या दर किलोला दिवसाला साधारण ५० ते ६० मिलिलिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त.

१०. गाडीत पाच मिनिटंही नाही
२००५ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात उन्हात उभ्या बंद गाडीचं तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सियसने चढलं. त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातली. काच किंचित खाली ठेवूनही फारसा फरक पडला नाही.

आणि त्रास झालाच तर…
निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश असतं. ४१ च्या वर जिवाला धोका. न थांबणाऱ्या धापा, चिकट लाळ, लालभडक जीभ, झोकांड्या, उलटी यातलं काहीही दिसलं तर आधी गार करा, मग दवाखाना गाठा. सावलीत न्या, केस बाजूला सारत नळाचं गार पाणी कातडीपर्यंत पोचू द्या, वारा घाला. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, तो तापतो आणि उष्णता कोंडून धरतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका. तो उठून शेपूट हलवायला लागला तरी डॉक्टरांना दाखवाच, कारण आतल्या अवयवांना झालेली इजा उशिरा कळते. जवळच्या व्हेटचा आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर आत्ताच फोनमध्ये सेव्ह करा आणि घरातल्या सगळ्यांना पाठवून द्या.