दान, श्रमदान आणि कामाची जागा

कसबा पेठ ही पुणे शहराची सर्वांत जुनी पेठ. ग्रामदैवत कसबा गणपतीचे मंदिर ज्या पेठेत आहे, त्याच पेठेत तांबट आळी आहे. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने एकसारखे ठोके देण्याच्या कलेस तेथे मठारकाम म्हणतात. यंत्रावर घडलेली भांडी स्वस्त झाली, स्टेनलेस स्टील घरोघर आले आणि आळीतील ठोक्यांचा नाद क्षीण होत गेला. पुढे वारसा-जतनाचे कार्य करणाऱ्या 'इन्टॅक' संस्थेच्या पुणे शाखेने येथील कारागिरांसमवेत नव्या घडणीच्या वस्तूंचा उपक्रम हाती घेतला. कारागिरास केवळ साहाय्य न देता त्याच्या हातास काम मिळावे, हे अशा उपक्रमाचे मर्म होय. प्रस्तुत लेखात आम्हांस ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे, त्याचे बीज येथेच आहे. उद्योगाने समाजास काय द्यावे? धन, श्रम, की कामाची जागा?

हा प्रश्न आजचा नाही. पुणे जिल्ह्यातीलच जुन्नरच्या बौद्ध लेण्यांत इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील ब्राह्मी शिलालेख आहेत. त्यांपैकी एका लेखात धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. दुसऱ्या एका लेखात दाननिधीच्या संदर्भात बांबूकाम करणाऱ्यांची व कांस्यकारांची श्रेणी यांचा उल्लेख येतो. श्रेणी म्हणजे एका व्यवसायातील लोकांचा संघ. तेथे दान देणारा संघ आणि अवजार धरणारा हात यांत फारसे अंतर नव्हते. आधुनिक कंपनीत भागधारक, व्यवस्थापक, कर्मचारी आणि शेजारची वस्ती हे परस्परांपासून दूर गेले. म्हणूनच उत्तरदायित्वाची आठवण कायद्याने करून देण्याची वेळ आली.

कायदा काय मोजतो?

कंपनी अधिनियम, २०१३ याच्या कलम १३५ अन्वये दिनांक १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांवर सामाजिक उत्तरदायित्वाचे बंधन आले. ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी रुपये, उलाढाल १००० कोटी रुपये किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिला हे कलम लागू होते. अशा कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी, अशी अपेक्षा आहे. अधिनियमाच्या सातव्या अनुसूचीत शिक्षण, आरोग्य, पर्यावरण यांबरोबर रोजगारक्षम कौशल्यांच्या प्रशिक्षणाचाही समावेश आहे. त्यात स्त्रिया व अपंग व्यक्ती यांचा विशेष उल्लेख येतो.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कर्मचाऱ्यांनी विनामूल्य दिलेल्या सेवेचे रुपयांत मूल्य ठरवून ते या खर्चात धरता येत नाही, असा खुलासा केंद्र शासनाने केला आहे. त्याचप्रमाणे कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांना लाभ देणारे कार्यही या खर्चात मोजले जात नाही. याचा अर्थ असा, की एखाद्या अंध तरुणास संगणकाचे शिक्षण देण्यासाठी संस्थेस दिलेला निधी दोन टक्क्यांत बसतो. परंतु त्याच तरुणास आपल्या कार्यालयात नोकरी देऊन दिलेले वेतन त्यात बसत नाही. हे नियम सयुक्तिकच आहेत. अन्यथा कंपन्यांनी आपला नेहमीचा वेतनखर्चच समाजकार्य म्हणून दाखविला असता. परंतु त्याचा परिणाम असा, की श्रम आणि कामाची जागा या दोन गोष्टी हिशेबाच्या वहीबाहेर राहतात. आमच्या मते कंपनीची खरी कसोटी या वहीबाहेरच लागते.

श्रमदानाचे मोल

श्रमदान हा शब्द महाराष्ट्रास नवा नाही. कर्मचाऱ्यांच्या श्रमदानाचे दोन प्रकार करता येतील. वर्षातून एक दिवस सर्वांनी जाऊन शाळेची भिंत रंगवावी वा रोपे लावावीत, हा पहिला. हिशेब तपासणाऱ्याने लहान संस्थेचा जमाखर्च लावून द्यावा, अभियंत्याने आठवड्यास दोन तास मुलांना गणित शिकवावे, हा दुसरा. पहिल्यात उत्साह असतो, दुसऱ्यात सातत्य. सातत्यातून ओळख निर्माण होते, आणि श्रमदानाचे खरे फळ ही ओळखच होय. ज्याने वर्षभर एखाद्या कर्णबधिर मुलीस शिकविले, त्यास ती काय करू शकते हे कोणी पटवून द्यावे लागत नाही.

तथापि शिकविणारा कर्मचारी तिची योग्यता जाणतो आणि त्याच्याच कंपनीचा भरती विभाग मात्र तिचा अर्ज न वाचता बाजूस ठेवतो, असे घडले तर ते श्रमदान कोठे पोचले? म्हणून श्रमदानाचा विचार नोकरभरतीपासून तोडता येत नाही.

दार कोणासाठी उघडते?

दार बंद असण्याचा इतिहास महाराष्ट्राने पाहिला आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नसे. त्या खात्यात वेतन अधिक होते. कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागे, आणि त्यात विटाळ मानला जाई. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. दार केवळ मालकाने बंद केलेले नसते, सहकाऱ्यांचाही हात त्यास लागलेला असतो, हा या प्रकरणाचा धडा आहे.

आज कोणी उघडपणे विटाळाची भाषा करीत नाही. परंतु २००७ साली प्रसिद्ध झालेल्या सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल यांच्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना समान पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या आडनावांनी पाठविले गेले. उच्चवर्णीय आडनावांच्या तुलनेत दलित आडनावांच्या अर्जांना अनुकूल उत्तर मिळण्याची शक्यता लक्षणीय कमी आढळली. पात्रता तीच, आडनाव तेवढे वेगळे.

अपंग व्यक्तींबाबत २०१६ च्या हक्क अधिनियमाने शासकीय आस्थापनांत किमान ४ टक्के पदे राखीव ठेवली. खासगी उद्योगांवर तशी सक्ती नाही. आपल्या मनुष्यबळात किमान ५ टक्के अपंग व्यक्ती असाव्यात यासाठी त्यांना शासनाने प्रोत्साहन द्यावे, इतकेच कलम ३५ सांगते. याच अधिनियमात 'वाजवी सोयी'ची संकल्पना आहे. चाकाच्या खुर्चीसाठी उतार, संगणकावर वाचून दाखविणारी प्रणाली, मुलाखतीस सांकेतिक भाषेचा दुभाषी, या त्या सोयी होत.

यथाबल

ही संकल्पना पालि वाङ्मयाच्या अभ्यासकांस सर्वस्वी अपरिचित वाटणार नाही. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहपतिपुत्र सिगालास सहा दिशांचा अर्थ सांगितला आहे. त्यांत खालची दिशा म्हणजे सेवक व कामकरी. त्यांच्याप्रती स्वामीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: बळानुसार काम नेमून देणे, अन्न व वेतन देणे, आजारात शुश्रूषा करणे, विशेष खाद्य वाटून घेणे आणि वेळोवेळी विश्रांती देणे. यांत 'यथाबल' हे प्रथम आले आहे. माणसास कामाच्या साच्यात कोंबण्याऐवजी काम माणसाच्या शक्तीस अनुरूप करावे, हा त्याचा आशय. अर्थात हे सुत्त दास आणि स्वामी असलेल्या समाजास उद्देशून आहे, आणि आधीच कामावर असलेल्यांविषयी बोलते. कोणास कामावर घ्यावे, हा प्रश्न त्यात नाही. तो आपल्या काळाने सोडवावयाचा आहे.

त्यासाठी कोणत्याही कंपनीस आम्ही तीन साधे प्रश्न सुचवितो. आपल्या निधीतून प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी किती जणांना आपण स्वतः मुलाखतीस बोलाविले? अर्जांची पहिली छाननी नाव व आडनाव झाकून होते काय? नोकरीस लागलेली अपंग वा वंचित समाजातील व्यक्ती दोन वर्षांनंतर त्याच जागी आहे, पुढे गेली आहे, की सोडून गेली आहे?

या प्रश्नांची उत्तरे वार्षिक अहवालातील छायाचित्रांत सापडणार नाहीत. ती सापडतील हजेरीपटावर. दान देणारा हात वर असतो आणि घेणारा खाली. एकाच मेजावर शेजारी बसून काम करणारे दोन हात मात्र एका पातळीवर असतात. दोन टक्क्यांच्या पलीकडचे उत्तरदायित्व ते हेच, असे आम्हांस वाटते.