गावाशेजारी वायूची टाकी : धोका कसा जोखावा?



गोबरगॅसच्या शेगडीत जो वायू जळतो, त्यातला मुख्य भाग मिथेन. नैसर्गिक वायूही बहुतांशी मिथेनच. तो उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की पाण्यासारखा पातळ होतो आणि सहाशे घागरी वायू एका घागरीत मावतो. म्हणून तो जहाजाने लांब नेणे परवडते. गुहागर तालुक्यात दाभोळजवळ २०१३ पासून असा वायू उतरवून घेण्याचे ठिकाण आहे. त्याचे टँकर आता हमरस्त्यांवरूनही धावतात.

अशी टाकी शेजारी येणार म्हटले की एक म्हणतो, "गाव बेचिराख होईल." दुसरा म्हणतो, "काही होत नाही." दोघेही अंदाजाने बोलतात. धोका जोखायचा तर आधी वायूचा स्वभाव ओळखावा.

बंद टाकीतला द्रव आपोआप पेटत नाही. सांडला की मात्र तो उकळून वायू होतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा ५ ते १५ असेल, तरच ठिणगीने पेट घेतो. गार असेपर्यंत हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि पांढऱ्या धुक्यासारखा जमिनीलगत सरपटतो. ऊब लागली की हलका होऊन वर जातो. खरा धोका त्या मधल्या वेळेत आणि मधल्या अंतरात असतो.

अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात २० ऑक्टोबर १९४४ रोजी नेमके हेच घडले. टाकीच्या पोलादात निकेल शेकडा साडेतीनच होते, ते एवढ्या थंडीला टिकले नाही. पुरेसा बांध नव्हता, वस्ती लागूनच होती. द्रव रस्त्यावर आला, गटारांत शिरला आणि आग घराघरांत पोचली. सुमारे १३० माणसे दगावली. आज शेकडा ९ निकेलचे पोलाद वापरतात. तरीही जानेवारी २००४ मध्ये अल्जीरियातील स्किकडा येथे, वायू द्रवरूप करण्याच्या कारखान्यात स्फोट होऊन २७ जण गेले. तेव्हा नुसत्या चांगल्या पोलादावर विसंबू नये.

टाकीची जागा ठरण्यापूर्वीच हे चार प्रश्न विचारा. उभी राहिलेली टाकी मागाहून हलत नाही.

१. टाकी फुटली किंवा नळ तुटला तर किती द्रव सांडेल? तो सगळा अडेल एवढा बांध आहे काय?

२. वायू किती लांब जाईल? पहाटेच्या शांत हवेत तो लवकर विरत नाही. वारा कोणत्या महिन्यात कोठून येतो, हे उफणणी करणाऱ्याला शिकवावे लागत नाही. ही माहिती तुम्हीच द्या.

३. तेवढ्या अंतरात काय आहे? शाळा, वाडी, वीटभट्टी, नाला?

४. गळती झाली तर गावाला कोण कळवणार आणि किती मिनिटांत?

हे विचारणे म्हणजे आडमुठेपणा नव्हे. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८९ साली घातक रसायनांचे नियम झाले. मोठा साठा असेल तेथे कारखान्याच्या आवारासाठी आणि बाहेरच्या वस्तीसाठी आपत्कालीन आराखडा हवा आणि आसपासच्या लोकांना माहिती दिली पाहिजे, असे ते नियम सांगतात. ग्रामसभेत ठराव करून हा आराखडा मागा. वर्षातून एकदा गावासह रंगीत तालीम व्हावी, असाही आग्रह धरा.

आणि घरातल्या सर्वांनी, लहानथोरांनी, एवढे ध्यानात ठेवावे. सिलिंडरच्या वायूत वास मुद्दाम मिसळलेला असतो, या द्रवाला वास नसतो. टँकरमधून पांढरे धुके निघताना दिसले तर पाहायला जाऊ नका. विडी, काडी, पंप, ट्रॅक्टर काही पेटवू वा चालू करू नका. सांडलेल्या द्रवावर पाणी ओतू नका, त्याने वायू अधिकच उठतो. धुके संपले तेथे वायू संपला असे समजू नका. वाऱ्याच्या आडव्या दिशेने दूर जा, खोलगट जागा टाळा आणि ११२ क्रमांकावर कळवा.

टाकी येवो अगर न येवो, गावाने हे चार प्रश्न आजच लिहून ठेवावेत.