झेल पुरा केव्हा होतो?

१२ सप्टेंबर २०१०. शिकागोच्या सोल्जर फील्डवर शिकागो बेअर्सविरुद्धचा अमेरिकन फुटबॉलचा सामना संपायला अर्धे मिनिटही उरले नव्हते. डेट्रॉइट लायन्सच्या कॅल्विन जॉन्सनने एंड झोनमध्ये, म्हणजे गोल रेषेपलीकडच्या पट्ट्यात, उंच उडी घेतली आणि २५ यार्डांचा पास झेलला. त्याचे दोन्ही पाय जमिनीला लागले, मग तो खाली बसला, आणि उठण्याच्या ओघात चेंडू धरलेला हात जमिनीला टेकताच चेंडू सुटला. पंचांनी पास अपूर्ण ठरवला आणि लायन्स १४-१९ असे हरले. तेव्हाच्या नियमानुसार झेल घेताना खाली पडणाऱ्या खेळाडूने जमिनीवर आदळल्यानंतरही चेंडूवरचा ताबा टिकवायचा होता. निर्णय नियमाला धरूनच होता, पण पाहणाऱ्यांना तो पटेना. त्या खेळात झेलावरून वर्षानुवर्षे जे वाद चालले आहेत, त्यांचा दोष बहुतेक वेळा पंचांच्या नजरेवर किंवा नियमाच्या किचकट भाषेवर ढकलला जातो. माझ्या मते मूळ कारण वेगळे आहे. झेलाच्या निर्णयात दोन निराळे प्रश्न मिसळलेले असतात. पाय रेषेच्या आत होता का, चेंडू जमिनीला लागला का, हा जागेचा प्रश्न झाला. चेंडू पुरेसा काळ हातात होता का, हा वेळेचा. संथगती चित्रण पहिल्याचे उत्तर चोख देते. दुसऱ्या प्रश्नात मात्र तेच चित्रण आपल्याला चकवते.

वेळेचा प्रश्न नियमात आलाच कशाला, असे नवख्या वाचकाला वाटेल. चेंडू हातात आला, दोन पाय टेकले, झेल पुरा, इतके सोपे का नको? याचे कारण फम्बल. झेल पुरा झाल्यावर चेंडू सुटला तर तो मोकळा होतो आणि प्रतिस्पर्धी तो उचलून पळू शकतो. झेल अपुरा असेल तर खेळ थांबतो आणि पुढचा डाव आधीचा डाव जिथून सुरू झाला होता तिथूनच सुरू होतो. झेल फार लवकर पुरा मानला, तर चेंडू हाती येतो न येतो तोच बसलेल्या प्रत्येक धडकेतून फम्बल निघेल आणि सामन्याचे पारडे घडोघडी फिरेल. म्हणून नियमाने ताबा आणि पाय यांच्या जोडीला तिसरी अट घातली : खेळाडूकडे चेंडू घेऊन खेळातली नेहमीची कृती करण्याइतका वेळ असला पाहिजे. ही अट न्याय्यच आहे. पण तो वेळ अर्ध्या-पाऊण सेकंदाचा असतो, आणि त्याची मोजपट्टी नियमात नाही.

जागेच्या प्रश्नात यंत्राचा उपयोग किती, हे ६ जानेवारी १९८० रोजी पिट्सबर्गमध्ये दिसले. ह्यूस्टन ऑइलर्सच्या माइक रेन्फ्रोने एंड झोनच्या कडेला घेतलेला झेल पंचांनी नाकारला. पाय आत होते असे दूरदर्शनवर पाहणाऱ्या असंख्य लोकांचे मत पडले, पण पंचांना चित्रण पाहण्याची सोयच नव्हती. ऑइलर्स १३-२७ असे हरले. या खेळाच्या व्यावसायिक लीगने १९८६ मध्ये रिप्ले, म्हणजे चित्रण पुन्हा पाहून निर्णय तपासण्याची सोय, आणला, १९९१ च्या हंगामानंतर सोडला आणि १९९९ मध्ये प्रशिक्षकांना निर्णयाला आव्हान देण्याचा हक्क देऊन पुन्हा आणला. त्याच हंगामात, २३ जानेवारी २००० रोजी, टॅम्पा बेच्या बर्ट इमॅन्युएलचा झेल रद्द झाला, कारण हातांत घट्ट असलेल्या चेंडूचे टोक जमिनीला टेकलेले कॅमेऱ्याने पकडले. सेंट लुईस रॅम्स ११-६ ने जिंकून सुपर बोल या अंतिम सामन्याला गेले. कॅमेरा खरेच बोलला होता, नियमच वेडगळ होता. लीगने तो लगेच बदलला : ताबा कायम असेल तर चेंडू जमिनीला लागला तरी चालेल. चूक नेमकी कुठे आहे ते दिसले, म्हणून दुरुस्तीही नेमकी झाली.

पुढची दोन प्रकरणे इतकी सरळ नाहीत. ११ जानेवारी २०१५ रोजी ग्रीन बेच्या लॅम्बो फील्डवर डॅलस काउबॉइजचा डेझ ब्रायंट बचावपटू सॅम शील्ड्सच्या डोक्यावरून उसळला, चेंडू धरला, पावले टाकत गोल रेषेकडे झेपावला आणि पडताना चेंडू जमिनीवर आपटून उडाला. मैदानावरच्या पंचांनी झेल दिला होता. ग्रीन बेच्या प्रशिक्षकांनी आव्हान दिले, चित्रण पाहून निर्णय उलटला आणि डॅलस २१-२६ ने हरले. १७ डिसेंबर २०१७ रोजी पिट्सबर्गच्या जेसी जेम्सने अवघी २८ सेकंदे उरली असताना झेल घेतला, गुडघा टेकला, वळून चेंडू रेषेपार नेला आणि जमिनीवर आदळताना चेंडू हातात जरासा फिरला. मैदानावर दिलेला टचडाऊन न्यूयॉर्कमधल्या रिप्ले केंद्राने काढून घेतला. न्यू इंग्लंड पेट्रियट्स २७-२४ ने जिंकले. सातच आठवड्यांनी सुपर बोलमध्ये फिलाडेल्फियाच्या झॅक अर्ट्‌झचा चेंडूही रेषा ओलांडून पडताना उसळला; त्याचा टचडाऊन कायम राहिला, कारण पावले टाकून तो आधीच धावपटू झाला होता, असे मानले गेले. जेम्स अजून झेलणारा होता आणि अर्ट्‌झ धावपटू झाला होता, ही सीमा कोणत्या क्षणी ओलांडली जाते? चेंडू हलला हे चित्रात स्वच्छ दिसते. सीमा ओलांडल्याचा क्षण कुठल्याच एका चित्रात नसतो.

संथ चित्रण वेळेबाबत चकवते, याला प्रयोगाचाही आधार आहे. युजीन करूसो, झॅकरी बर्न्स आणि बेंजामिन कॉन्व्हर्स यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना एका खुनाचे आणि फुटबॉलमधल्या एका धडकेचे चित्रण दाखवले. संथगतीत पाहणाऱ्यांना कृती अधिक हेतुपुरस्सर वाटली, कारण करणाऱ्याकडे विचाराला जास्त वेळ होता असे त्यांना भासले. प्रत्यक्षात किती वेळ गेला हे सांगूनही तो भास पुरता गेला नाही. हा प्रयोग झेलावरचा नव्हता हे खरे. पण संथगती वेळेची जाण बिघडवते, हा त्यातला मुद्दा इथे तंतोतंत लागू पडतो. आणि झेलाच्या बाबतीत बिघाड दोन्ही बाजूंनी होतो. ताबा लांबलचक भासतो, तसाच चेंडूचा नखभर हेलकावाही मोठी घसरण भासतो.

मार्च २०१८ मध्ये ३२ संघमालकांनी एकमताने नियम बदलला. जमिनीवर पडल्यानंतरही ताबा टिकवण्याची अट गेली. ताबा, दोन पाय आणि तिसरे पाऊल किंवा चेंडू पुढे नेणे यांसारखी एखादी कृती, किंवा ती करता येईल इतका वेळ, एवढे पुरेसे ठरले. जॉन्सन आणि ब्रायंट यांचे झेल पुरे मानायला हवे होते, असे मत लीगच्या स्पर्धा समितीतही बनले होते. सुधारणा चांगलीच होती. तरी 'करता येईल इतका वेळ' हे शब्द उरलेच, आणि तो वेळ ठरवायला संथ चित्रणही उरले.

मोठ्या लीगमध्ये हंगामाचे भवितव्य एका झेलावर ठरत असताना उपलब्ध पुरावा नाकारायचा का, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे, आणि म्हणूनच रिप्ले बंद करा असे मी म्हणत नाही. पाय, रेषा आणि चेंडूचा जमिनीशी स्पर्श यांसाठी चित्र हवे तितके थांबवून पाहावे. रेन्फ्रोसारखा अन्याय पुन्हा नको. मैदानावरचे पंचही चुकतात, हा दुसरा आक्षेपही खरा. पण त्यांनी तो क्षण खेळाच्या वेगात पाहिलेला असतो, आणि 'पुरेसा वेळ' हे माप त्याच वेगाचे आहे. क्रिकेटलाही हा पेच सुटलेला नाही. २०२३ च्या लॉर्ड्‌स कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या मिचेल स्टार्कने पकडलेला इंग्लंडच्या बेन डकेटचा झेल तिसऱ्या पंचांनी नाकारला, कारण घसरताना चेंडू जमिनीला लागला तेव्हा स्टार्कचा स्वतःच्या हालचालीवर ताबा आलेला नव्हता. तिथेही स्पर्श दिसला. ताबा केव्हा पुरा होतो, यावर दोन्ही देशांत वाद झाला.

अमेरिकन लीगने नियमाची भाषा पुन्हा घासण्यापेक्षा पाहण्याची रीत बदलावी. जागेचा प्रश्न असेल तर संथ चित्रण खुले ठेवावे. वेळेचा प्रश्न असेल तर पंचांना फक्त पूर्ण वेगातले चित्रण दाखवावे, आणि त्यात चूक ढळढळीत दिसली नाही तर मैदानावरचा निर्णय कायम ठेवावा. ब्रायंटचा आणि जेम्सचा झेल मैदानावरच्या पंचांनी दिला होता, आणि दोन्ही वेळा त्यांचेच बरोबर होते.