रस्त्यावरील यांत्रिक डोळा

आमच्या पालकांपैकीं कित्येकांस हा अनुभव आला असेल. मुंबईचा प्रवास करून घरीं येऊन दोन-चार दिवस होतात न होतात, तोंच मोबाइलवर ई-चलन येऊन पडतें. वाटेंत पोलीस भेटला नाहीं, शिटी वाजली नाहीं. मग आपली गाडी पाहिली तरी कोणीं? विद्यार्थीही हाच प्रश्न वारंवार विचारतात, म्हणून यंदाच्या अंकांत त्याचें उत्तर देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मुंबई-पुणें द्रुतगती मार्ग सुमारें ९५ किलोमीटर लांबीचा आहे. त्यावर ठिकठिकाणीं कमानी उभारून कॅमेरे बसविले असून जुलै २०२४ पासून त्यांच्या आधारें चलनें पाठविण्यास आरंभ झाला. कॅमेरा दिसतांच गाडी हळू करावयाची व तो मागें पडतांच पुन्हां भरधांव सोडावयाची, ही युक्ति तेथें चालत नाहीं. कारण तेथें सरासरी गतीही मोजली जाते. समजा, दोन कमानींत २० किलोमीटर अंतर आहे. मोटारीस सपाटीवर ताशीं १०० किलोमीटरांची मर्यादा असल्यानें तिला तें अंतर तोडण्यास निदान १२ मिनिटें लागलीं पाहिजेत. ती १० मिनिटांतच दुसऱ्या कमानीखालीं आली, तर तिची सरासरी गति ताशीं १२० झाली! पांचव्या इयत्तेंतील त्रैराशिकापलीकडे यांत कांहीं नाहीं.

मात्र पहिल्या कमानीखालून गेलेली गाडी ती हीच, हें यंत्रानें ओळखावें कसें? अर्थात् पाटीवरील क्रमांकावरून. क्रमांक वाचणारें यंत्र प्रथम इंग्लंडांत १९७६ सालीं पोलीस खात्याच्या संशोधनशाळेंत सिद्ध झालें. यंत्र आधीं पाटीचा चौकोन शोधतें, मग एकेक अक्षर सुटें करून ओळखतें. म्हणूनच पाटीवरील अक्षरें ठराविक वळणाचीं असावीं असा नियम आहे. आमच्या एमएच १६ च्या गाड्यांवर २१४ हा आंकडा असा कांहीं वळवून लिहिलेला असतो कीं त्याचा ‘राम’ व्हावा. ८०५५ ची हौस तर सांगावयासच नको. हें कलाकौशल्य पाहून यंत्र गोंधळतें, आणि पोलीस मात्र गोंधळत नाहीं.

या देखरेखीस कायद्याचा आधार आहे. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं १३६-अ हें कलम घालण्यांत आलें. त्याखालीं ऑगस्ट २०२१ मध्यें जे नियम झाले त्यांत, उपकरणास मिळालेल्या मान्यतेच्या दाखल्याचें दरवर्षीं नूतनीकरण व्हावें आणि पुढें कॅमेरा असल्याची सूचना देणारा फलक ठळक जागीं लावावा, अशा अटी घातल्या. यंत्राच्या शब्दावर मनुष्यास दंड करावयाचा, तर यंत्राचीही परीक्षा झाली पाहिजे, हें आम्हांस रास्त वाटतें.

आतां मूळ गोष्टीकडे वळूं. कॅमेऱ्यास गाडी दिसत नाहीं. त्यास दिसतात आंकडे. साधारण चांगल्या चित्रांत आडवे १९२० व उभे १०८० असे एकंदर २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या तांबड्या, हिरव्या व निळ्या अशा तिन्ही रंगांची तीव्रता ० पासून २५५ पर्यंतच्या आंकड्यांनीं लिहिली जाते. सेकंदास २५ चित्रें धरलीं, तर संगणकापुढें दर सेकंदास ५,१८,४०,००० बिंदू येऊन पडतात. या आंकड्यांच्या ढिगाऱ्यांतून मोटार हुडकून काढणें हेंच खरें काम.

जुनी रीत वजाबाकीची होती. रिकाम्या रस्त्याचें चित्र मनांत धरावयाचें, आतांच्या चित्रांतून तें वजा करावयाचें. बाकी उरली ती वाहनें. रीत सोपी खरी, पण फसवी. सायंकाळीं सांवल्या लांबल्या म्हणजे दोन गाड्यांची एक होते. वाऱ्यानें फांदी हालली तर तिचीही गणना वाहनांत होते. सर्वांत घातक दोष निराळाच आहे. ऊन-पावसाबरोबर रस्त्याचें रूप पालटतें, म्हणून यंत्र आपलें मनांतील चित्रही हळूहळू बदलीत असतें. अशा वेळीं एखादी गाडी बिघडून बराच वेळ उभी राहिली, तर ती त्या चित्रांतच मुरून जाते व यंत्राच्या लेखीं रस्ता पुन्हां मोकळा होतो!

नवी रीत शिकविण्याची आहे. लहान मुलास अंकलिपींतील चित्रें दाखवावीं, तशीं संगणकास सहस्रावधि चित्रें दाखवितात. प्रत्येकांत ‘ही बस, ही मोटारसायकल’ असें मनुष्यानें आंखून दिलेलें असतें. पण न दाखविलेलें त्यास कोठून येणार? २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘कोको’ नामक चित्रसंग्रहांत ८० प्रकारच्या वस्तू आहेत. त्यांत मोटार, बस, ट्रक, सायकल आहे, गायही आहे. परंतु रिक्षा नाहीं व बैलगाडी नाहीं. तेवढ्यावर शिकलेलें यंत्र आमच्या बैलांस गाय म्हणेल व मागील मोळ्यांस कदाचित् ट्रक. हैदराबादच्या ट्रिपल आयटी संस्थेनें २०१८ सालीं हैदराबाद व बंगळूर या शहरांतील आणि त्यांच्या आसपासच्या रस्त्यांवरील सुमारें १०,००० चित्रें आंखून प्रसिद्ध केलीं. त्यांत रिक्षास व जनावरांस स्वतंत्र स्थान मिळालें.

नगर जिल्ह्यास, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यास, ही गोष्ट क्षुल्लक नाहीं. दिवाळीनंतर कारखान्यांचीं धुराडीं पेटलीं कीं राहुरी, कोल्हार, राहाता, कोपरगांव या बाजूस उसाच्या बैलगाड्या व दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर यांची रांग लागते. रस्ता किती रुंद असावा हें वाहनांच्या गणतीवरून ठरतें. ही गणती पूर्वींपासून रस्त्याच्या कडेस बसलेलीं माणसें चार उभ्या रेघा व पांचवी आडवी ओढून करीत आलीं आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या कोष्टकांत मोटार १, ट्रक ३, ट्रॉलीसह ट्रॅक्टर साडेचार आणि बैलगाडी ८ धरली आहे; म्हणजे एक बैलगाडी आठ मोटारींचा रस्ता अडविते. कॅमेऱ्यानें तिला गाय समजून सोडून दिलें, तर गणतींतून आठ मोटारी गेल्या.

उभ्या ट्रॉलीचा प्रश्न याहून जिवावरचा आहे. रात्रीं चाक निखळून ती रस्त्यांतच उभी राहते. मागील दिवा उसानें झांकलेला, पाटीही झांकलेली. अंधारांत भरधांव येणाऱ्या मोटारसायकलस्वारास ती दिसते, तेव्हां फार उशीर झालेला असतो. नवीं यंत्रें प्रत्येक वाहनास चित्रांत शिरतांच एक अंक देऊन त्याचा माग ठेवितात, आणि तो अंक जागचा हालेना तर नियंत्रण कक्षास इशारा देतात. द्रुतगती मार्गावर हें साधतें. गांवच्या रस्त्यावर प्रत्येक वळणास कॅमेरा कोठून असणार? तेथें रिफ्लेक्टरची पट्टीच कामास येते. साधा पृष्ठभाग प्रकाश चहूंकडे विखरून टाकतो. ही पट्टी मात्र तो ज्या दिशेनें आला त्याच दिशेस परत धाडते, म्हणून मोटारीच्या दिव्यांत ती दुरूनच झळकते. क्रमांकाच्या पाटीचा पृष्ठभागही याच जातीचा असतो व त्यामुळेंच कॅमेऱ्यास ती रात्रीं वाचतां येते. मात्र मोळ्या रचतांना ती पट्टी उसाखालीं जाऊं नये, याकडे गाडी भरणाऱ्यानेंच पाहावयाचें आहे.