गल्लीतील नियम ऑलिम्पिकपर्यंत : तीन खेळाडूंच्या बास्केटबॉलची वाटचाल

भिलाई-3 (छत्तीसगड) : जागा अपुरी असली की गल्लीतील क्रिकेट ‘एक टप्पा आउट’सारखे नियम स्वतःच घडवते. बास्केटबॉलचेही तसेच झाले. एका कड्याखाली, अर्ध्या मैदानात रंगणाऱ्या ‘स्ट्रीटबॉल’चे नियम आधी व्हिडिओ गेममध्ये आले आणि पुढे ऑलिम्पिकमध्ये पोहोचले. बास्केटबॉलची परंपरा असलेल्या भिलाईसारख्या पोलादनगरीसाठी या बदलाला विशेष अर्थ आहे.

स्ट्रीटबॉलची पंढरी म्हणजे न्यूयॉर्कमधील हार्लेम. तेथील उद्यान विभागातील कर्मचारी होल्कोम्ब रकर यांनी मुलांना खेळाबरोबरच शिक्षणाकडे वळवण्यासाठी 1950च्या सुमारास स्पर्धा सुरू केली. विल्ट चेंबरलेन, ज्युलियस अर्विंग यांच्यासारखे नामवंत व्यावसायिक खेळाडूही तिथे खेळले. रकर यांचे नाव दिलेले ते मैदान आजही ओळखले जाते.

2001मध्ये प्लेस्टेशन 2 साठी आलेल्या ‘एनबीए स्ट्रीट’ या गेमने ही संस्कृती पडद्यावर आणली. दोन्ही बाजूंना तीन-तीन खेळाडू, जवळून बास्केट केल्यास एक गुण, कमानीबाहेरून केल्यास दोन गुण आणि लक्ष्य 21 गुणांचे, अशी त्याची रचना होती. 2004मध्ये दक्षिण कोरियात ‘फ्रीस्टाइल’ हा ऑनलाइन गेम आला. त्यात प्रत्येक जण एकच खेळाडू हाताळत असल्याने सहकाऱ्याला चेंडू देण्याचे भान पडद्यावरही आवश्यक ठरले.

आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने (फिबा) याच स्वरूपाला ‘थ्री बाय थ्री’ या नावाने नियमबद्ध केले. 2010च्या सिंगापूर युवा ऑलिम्पिकमध्ये त्याचे पदार्पण झाले, तर टोकियो ऑलिम्पिकमध्ये 2021मध्ये पहिली पदके दिली गेली. सामना दहा मिनिटांचा असतो; त्याआधी 21 गुण मिळवणारा संघ तिथेच विजयी ठरतो. चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचा नसल्याने बास्केटचा प्रयत्न करण्यासाठी 24 ऐवजी 12 सेकंदच मिळतात.

या खेळाला साधनेही कमी लागतात. नेहमीचे मैदान 28 बाय 15 मीटरचे, तर हे 15 बाय 11 मीटरचे. म्हणजे निम्म्याहूनही कमी जागा. राखीव खेळाडूसह संघ चौघांचाच. भारतीय महिलांनी 2013मध्ये दोहा येथे थ्री बाय थ्रीचे आशियाई सुवर्णपदक पटकावले होते. ऑलिम्पिकची पात्रता मात्र भारताला अद्याप मिळवता आलेली नाही.

टोकियोत सामना सुरू असताना प्रशिक्षकाला मैदानाबाहेरून सूचना देण्यास मनाई होती. साहजिकच तेव्हा प्रशिक्षकाचे सारे काम सामन्यापूर्वीच्या सरावात होते. भिलाईचे महत्त्व इथे कळते. भिलाई पोलाद प्रकल्पाच्या वसाहतीत प्रशिक्षक राजेश पटेल यांनी पंत स्टेडियममध्ये मुलींच्या अनेक पिढ्या घडवल्या. कानपूरची, सुमारे सात फूट उंचीची पूनम चतुर्वेदी याच नगरीत येऊन भारतीय संघापर्यंत पोहोचली. पटेल यांचे 2018मध्ये निधन झाले.

स्ट्रीटबॉल मुक्त आणि बेशिस्त भासतो. त्यामागे मात्र रोज खुले राहणारे मैदान आणि शिकवणारे माणूस असावे लागते. हार्लेममध्ये ते काम रकर यांनी केले, भिलाईत पटेल यांनी. व्हिडिओ गेम मुलांना नियम शिकवू शकतो, खेळाची ओढही लावू शकतो. पुढचे काम वस्तीतल्या एका कड्याचे आणि 165 चौरस मीटर मोकळ्या जागेचे आहे.