पाटाला कडा असतात, प्रतलाला नाहीत

हैदराबादेतल्या आपल्या मराठी घरांतली बरीच मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. भूमितीच्या तासाला ‘प्लेन’ हा शब्द आला, की त्यांच्या डोळ्यांपुढे आधी शमशाबादचे विमानच उभे राहते! मराठी पुस्तकांत यालाच ‘प्रतल’ म्हणतात आणि तेलुगूत ‘तलम्’. दोन्हींत संस्कृत ‘तल’ आहे, आपल्या ‘तळहाता’तला.

मी या मुलांची गणिताची शिकवणी घेते. दहावीपर्यंत गाडी ठीक चालते, कारण बहुतेक आकृत्या वहीच्या सपाट पानावरच मावतात. इंटरला त्रिमितीय भूमिती आली, की हुशार मुलेसुद्धा सूत्रे घोकू लागतात आणि काहींचा गणितावरचा विश्वासच उडतो. अडचण बहुधा सूत्रात नसते. प्रतल म्हणजे काय, हे मनात पक्के झालेले नसते. ते पक्के करायला घरातल्या वस्तू पुरतात.

पुस्तकात प्रतल दाखवायला तिरका चौकोन काढतात. मुलांना वाटते, प्रतल म्हणजे तेवढेच. पण प्रतलाला कडा नसतात आणि जाडीही नसते. घरातला पाट हा फार तर प्रतलाच्या एका तुकड्याचा नमुना. पाटाचा वरचा पृष्ठभाग मनातल्या मनात चारही दिशांना वाढवत न्या; भिंतीतून, शेजारच्या घरातून, शहराबाहेर, कुठेही न थांबता आणि कुठेही न वाकता. ते प्रतल.

‘न वाकता’ हे तपासायचे कसे? गवंडी प्लास्टरवर सरळ पट्टी ठेवून बघतो, तसेच. पट्टी कशीही फिरवली तरी खाली फट दिसता कामा नये. आता तीच पट्टी गोल डब्याच्या अंगावर ठेवा. उभी धरली तर नीट टेकते, आडवी धरली की दोन्ही बाजूंना फट पडते. म्हणजे एका दिशेने टेकून भागत नाही. पृष्ठभागावरचे कोणतेही दोन बिंदू घेतले, तरी त्यांना जोडणारी अख्खी रेषा त्याच पृष्ठभागात राहिली पाहिजे. युक्लिडने सुमारे २३०० वर्षांपूर्वी सपाट पृष्ठभागाची व्याख्या केली, तीही सरळ रेषेच्याच आधाराने.

दुसरी गोष्ट दारापाशी शिकता येते. दाराला दोन बिजागऱ्या असतात, तरी ते फिरते. तिसरी बसवली तरीही फिरते, कारण तिन्ही एकाच उभ्या रेषेत असतात. एका रेषेतून अगणित प्रतले जातात. उघडताना दार त्यांतल्या एकातून दुसऱ्यात सरकत असते. कडी लावली की त्या रेषेबाहेरचा एक बिंदू पक्का होतो आणि दार जागीच राहते. एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंमधून एक आणि एकच प्रतल जाते, हा नियम तो हाच.

म्हणूनच तीन पायांचे स्टूल डगमगत नाही आणि चार पायांच्या टेबलाखाली मात्र कागदाची घडी सारावी लागते. तीन पायांची टोके नेहमी एका प्रतलात असतातच, चौथ्याची खात्री नसते. दख्खनच्या खडकाळ जमिनीवर मोजणी करणाऱ्यांची यंत्रेही तिपाईवरच उभी राहत आली.

या मोजणीचा एक मोठा अध्याय आपल्या भागात घडला. विल्यम लॅम्ब्टन दक्षिणेकडून त्रिकोण जोडत जोडत देश मोजत होता. १८१८ मध्ये जॉर्ज एव्हरेस्ट त्याचा मदतनीस म्हणून हैदराबादेत रुजू झाला. पुढे १८२३ मध्ये लॅम्ब्टनला हिंगणघाटला मृत्यू आला. या मंडळींना एक गोष्ट कायम ध्यानात ठेवावी लागे. वहीवरच्या त्रिकोणाचे कोन मिळून १८० अंश होतात, जमिनीवरच्या मोठ्या त्रिकोणाचे त्याहून किंचित जास्त भरतात. ५० किलोमीटर बाजूच्या समभुज त्रिकोणात ही वाढ सुमारे साडेपाच सेकंद असते, आणि एका अंशात असे ३६०० सेकंद असतात. जमीन गोलाकार आहे, प्रतल नाही, म्हणून हा फरक पडतो.

आपले हुसेनसागरचे शांत पाणीसुद्धा खरे प्रतल नव्हे. त्याच्या पृष्ठभागावर एकमेकांपासून २ किलोमीटरवरचे दोन बिंदू सरळ रेषेने जोडले, तर मध्यावर पाणी त्या रेषेच्या सुमारे ८ सेंटिमीटर वर असेल. तलावाचे चित्र काढताना हे विसरले तरी चालते, देश मोजताना नाही.

प्रतल डोळ्यांना दिसत नाही, ते मनाने धरावे लागते. एवढे उमगले, की प्रतलाचे समीकरण मुलांना परके वाटत नाही. तेव्हा आई-बाबांनी, आजी-आजोबांनी मुलांना एकदा दारापाशी उभे करून विचारावे, “बिजागऱ्या तीन आहेत, तरी दार का फिरतं?” उत्तर मात्र लगेच सांगू नका. त्यांना दार उघडू-मिटू द्या.