सायलेन्सर बदलला, आता इंधनाचे काय?

मोटारसायकलचा मूळ सायलेन्सर उतरवून त्याजागी बाजारातला मोकळ्या आवाजाचा सायलेन्सर बसवण्याची हौस पिंपरी-चिंचवड परिसरात रुजावी हे स्वाभाविकच आहे, कारण ज्या गाड्यांवर ही हौस पुरवली जाते त्यांतील अनेक गाड्या याच औद्योगिक पट्ट्यात घडल्या आहेत. बजाज ऑटोचे मुख्यालय आकुर्डीला आहे. २००१ साली आलेली पल्सर, २०१२ मधील केटीएम ड्यूक २००, त्यापाठोपाठ २०१३ मधील ड्यूक ३९० आणि २०२३ मध्ये आलेली ट्रायम्फ स्पीड ४०० ही सगळी नावे चाकणच्या कारखान्याशी जोडलेली आहेत. मात्र सायलेन्सर हा आरसा किंवा सीट कव्हर यांसारखा वरून लावलेला भाग नसून इंजिनाच्या श्वसनाचा अवयव आहे, आणि म्हणून तो बदलला की इंजिनाला कोणत्या वेळी किती पेट्रोल द्यायचे हा हिशेबही नव्याने मांडावा लागतो.

चार स्ट्रोकच्या इंजिनात जळालेला वायू बाहेर पडताना त्याच्यासोबत दाबाची एक लाट इंजिनापासून सायलेन्सरकडे जाणाऱ्या बेंड पाइपमधून पुढे धावते आणि पाइप जेथे रुंदावतो किंवा संपतो तेथून ती ओढ निर्माण करणारी उलटी लाट होऊन परत फिरते. तप्त वायूत या लाटेचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर धरला, तर एक मीटर लांबीच्या पाइपमधून जाऊन परत यायला तिला सुमारे ४ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात ६,००० आरपीएमवर क्रँक १४४ अंश फिरलेला असतो, तर ३,००० आरपीएमवर केवळ ७२ अंश. परतणारी लाट दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतानाच पोचली, तर ती उरलासुरला जळका वायू ओढून घेते आणि ताज्या मिश्रणाला वाट करून देते; ती अवेळी पोचली, तर हाच लाभ उलटतो. त्यामुळे कोणताही एक पाइप सर्व वेगांना सारखाच मानवत नाही. बजाजने आपल्या काही गाड्यांच्या बेंड पाइपवर एक्झॉस्टेक नावाची छोटी कोठी जोडली तीही याच कारणाने. कमी आरपीएमवर गाडीची ओढ, म्हणजे टॉर्क, वाढावा हा तिचा हेतू होता. बाजारातून आणलेल्या पाइपची लांबी, व्यास आणि आतील रचना वेगळी असल्याने इंजिनात शिरणाऱ्या हवेचे प्रमाणही प्रत्येक आरपीएमला वेगळ्या रीतीने बदलते.

हवा बदलली की मिश्रण बदलते. शुद्ध पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, आणि पूर्ण थ्रॉटलवर जास्तीत जास्त ताकद मिळवायची असेल तर हे प्रमाण साधारण १२.५ ते १३ भागांपर्यंत खाली आणावे लागते. हवा जास्त आणि पेट्रोल कमी असलेल्या विरळ मिश्रणाला मेकॅनिक ‘लीन’ म्हणतात, तर पेट्रोल जास्त असलेल्या दाट मिश्रणाला ‘रिच’. पूर्ण जोरात धावणाऱ्या इंजिनात मिश्रण लीन झाले की ज्वलनकक्षाचे तापमान वाढते, ठोके ऐकू येतात आणि दुर्लक्ष केल्यास व्हॉल्व्ह व पिस्टन यांना इजा होते. ते फार रिच झाले, तर मायलेज घटते, काजळी साचते आणि न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील ऑइलचा थर धुऊन नेते. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळल्यानेही हे गणित हलले आहे, कारण वीस टक्के इथेनॉल असलेल्या इंधनाला सुमारे १३.५ भाग हवाच पुरते. म्हणजेच शुद्ध पेट्रोलच्या मापाने जुळवलेल्या जुन्या कार्ब्युरेटरची गाडी सायलेन्सरला हात न लावताही थोडी लीन झालेली असते.

इंधनाचे माप बदलण्याच्या दोन्ही रीती पल्सर २२० या एकाच गाडीच्या वाटचालीत दिसतात. २००७ मध्ये ती फ्युएल इंजेक्शनसह आली, २००९ मध्ये तिला कार्ब्युरेटर मिळाला आणि २०२० मध्ये भारत स्टेज सहाचे निकष लागू झाल्यावर ती पुन्हा इंजेक्शनकडे वळली. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचे माप पितळी जेटच्या छिद्रावर ठरते: थ्रॉटल पाव उघडेपर्यंत मुख्यतः पायलट जेट, मधल्या टप्प्यात निडल आणि शेवटच्या पाव भागात मेन जेट काम करतो. मोकळा सायलेन्सर बसवल्यावर मेन जेट एका क्रमांकाने वाढवणे, निडलची क्लिप एक खाच खाली घेऊन निडल उचलणे आणि मग पायलटचा स्क्रू जुळवणे हा क्रम योग्य ठरतो. मात्र एका वेळी एकच बदल करून त्याचा परिणाम पाहिला, तरच कोणत्या बदलाने काय साधले हे कळते. काढलेल्या स्पार्क प्लगचे पांढरे चिनी मातीचे टोक फिकट बदामी दिसले तर मिश्रण ठीक, खडूसारखे कोरडे पांढरे दिसले तर लीन आणि काजळीने माखलेले दिसले तर रिच, असा जुन्या मेकॅनिकचा ठोकताळा आहे. हा ठोकताळा दिशा दाखवतो, परंतु नेमका आकडा सांगत नाही.

इंजेक्शनच्या गाडीत हे काम ईसीयू नावाचा छोटा संगणक करतो. ६,००० आरपीएमवर इंजिनाचे एक पूर्ण चक्र २० मिलिसेकंदांत संपते, आणि त्यातील काही मिलिसेकंदच उघडणारा इंजेक्टर किती वेळ उघडा राहावा हे ईसीयूमधील तक्त्यावरून, म्हणजेच मॅपवरून ठरते. संथ आणि एकसारख्या वेगात ऑक्सिजन सेन्सर जळक्या वायूतील उरलेला प्राणवायू तपासून ही वेळ सतत दुरुस्त करतो. त्यामुळे केवळ मागचा डबा बदलणारा स्लिप-ऑन सायलेन्सर बसवल्यास रोजच्या चालीत गाडी बहुधा स्वतःला सावरून घेते. पूर्ण थ्रॉटलवर मात्र ईसीयू या सेन्सरचे न ऐकता ठरलेल्या मॅपवर चालतो, आणि नेमके तेथेच मिश्रण लीन होण्याचा धोका असतो. बेंड पाइपसह फुल सिस्टीम बसवली किंवा सोबत एअर फिल्टरही बदलला, तर ईसीयूचा मॅप बदलणे अथवा इंजेक्टरच्या संदेशात फेरफार करणारा स्वतंत्र मॉड्यूल बसवणे आवश्यक होते.

ही दुरुस्ती कानाने नव्हे, डायनोवर करावी. डायनो म्हणजे गाडीचे मागचे चाक रोलरवर फिरवून ताकद मोजणारे यंत्र. त्यासोबत सायलेन्सरच्या तोंडात वाइडबँड सेन्सर घातला की प्रत्येक आरपीएमला मिश्रणाचे प्रमाण वाचता येते. पहिली फेरी मूळ सायलेन्सरवर घेऊन तिचा आलेख जपून ठेवावा, कारण तुलनेला आधारच नसेल तर पुढचा प्रत्येक आकडा निरर्थक ठरतो. नव्या सायलेन्सरवर एखाद्या ठिकाणी प्रमाण १४.२ दिसले आणि तेथे १३ हवे असेल, तर १४.२ ला १३ ने भागून येणाऱ्या १.०९ या गुणकाने इंधन वाढवायचे, म्हणजे मॅपच्या त्या घरात सुमारे नऊ टक्के भर घालून पुन्हा फेरी घ्यायची. थ्रॉटल सोडल्यावर फटाके फुटत असतील, तर पेट्रोल वाढवण्याआधी बेंड पाइपच्या जोडाची गॅस्केट तपासावी. तेथून शिरणारी बाहेरची हवा सेन्सरलाही फसवते आणि चांगल्या मॅपलाही बिघडवते.

या सर्व खटाटोपाला कायद्याची आणि शेजारधर्माची मर्यादा आहे. नव्या गाड्यांत सायलेन्सरच्या मार्गात उत्प्रेरक कोठी, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, असते. ती काढली तर इंधनाची कितीही नेमकी जुळणी केली तरी विषारी वायू थेट रस्त्यावर येतात. कारखान्यात तयार होणाऱ्या गाडीसाठी ८० ते १७५ सीसी गटात ७७ आणि त्याहून मोठ्या इंजिनांसाठी ८० डेसिबल ही आवाजाची कमाल मर्यादा आहे, आणि दर दहा डेसिबलना ध्वनीची ऊर्जा दहापट होते हे ध्यानात घेतले, तर डीबी किलर, म्हणजे सायलेन्सरच्या तोंडातील आवाज दाबणारी नळी, काढलेली एक गाडी रात्रीच्या वेळी संपूर्ण सोसायटीला का जागवते हे उमगते. गाडीची मूळ रचना मनाप्रमाणे बदलण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे बंधन आहे, तर ध्वनी आणि वायू प्रदूषणाचे निकष मोडल्यास कलम १९० नुसार पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणूनच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि डीबी किलर शाबूत ठेवणारा सायलेन्सरच निवडावा, आणि निव्वळ आवाजासाठी बदल करायचा असेल तर तो रस्त्यावरच्या गाडीत करूच नये.

भोसरी आणि चाकणच्या वर्कशॉपमध्ये मशीनची सेटिंग बदलली की पहिला नग मायक्रोमीटरखाली तपासून मान्य झाल्याशिवाय लॉट सुरू केला जात नाही, आणि ही शिस्त तेथे नव्या कामगारालाही शिकवली जाते. नवा सायलेन्सर ही इंजिनाची बदललेली सेटिंगच असते. दिवसभर मिलिमीटरचा शंभरावा भाग सांभाळणाऱ्या हातांनी संध्याकाळी स्वतःच्या गाडीचे माप मात्र आवाजावर सोडून द्यावे, हे त्या हातांच्या कसबाला शोभत नाही. डायनोवरची पहिली फेरी हाच त्या गाडीचा पहिला नग मानावा आणि तो मान्य झाल्यावरच तिला रस्त्यावर काढावे.